बाल्डर्स गेट ३ : रूप बदलणाऱ्या ड्रुइडचं मल्टिक्लास बिल्ड, पायरी पायरीने

बाल्डर्स गेट ३ या व्हिडिओ गेममध्ये अस्वल, घुबड-अस्वल किंवा आगीचा पुतळा होऊन लढायचं असेल तर ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) हा क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, आणि त्यातलं सर्कल ऑफ द मून हे सबक्लास, हा सरळ रस्ता. त्यावर दुसऱ्या क्लासची जोड द्यायची म्हटली की सल्ले सगळीकडून येतात. कोणी बार्बेरियन म्हणतं, कोणी मंक, कोणी फायटर. यातले बरेचसे सल्ले तलवार हातात धरणाऱ्या पात्रांवरून उचललेले असतात. रूप बदलणाऱ्या पात्राचं गणित वेगळं आहे, कारण त्याची खरी ताकद ड्रुइडच्या लेव्हल्समध्ये आहे आणि बाहेर खर्च केलेली प्रत्येक लेव्हल एखादं रूप किंवा एखादा जादा हल्ला लांबवते.

म्हणून या लेखात आधी ड्रुइडच्या कोणत्या लेव्हलवर काय मिळतं ते बघू, मग आकडे कसे वाटायचे, आणि मग जोड कुठे द्यायची. गेमचे मेनू इंग्रजीत असल्यामुळे स्पेल (मंत्र) आणि फीट (ठरावीक लेव्हलला निवडायची खास क्षमता) यांची नावं तीच ठेवली आहेत, म्हणजे शोधताना अडणार नाही.

सुरुवातीच्या दोन गोष्टी

एक्सप्लोरर या सर्वांत सोप्या पातळीवर मल्टिक्लास बंद असतं. बॅलन्स्ड किंवा त्याहून वरची पातळी घ्या, नाहीतर कस्टम मोडमध्ये ते चालू करून घ्या. लेव्हल वाढवताना पडद्यावर नवा क्लास जोडण्याचं बटण दिसतं. टेबलावरच्या मूळ खेळात (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) नवा क्लास घ्यायला ठरावीक गुण लागतात, इथे तशी काहीच अट नाही. बुद्धी ८ असली तरी विझर्ड होता येतं.

दुसरी गोष्ट म्हणजे विदर्स हे गेममधलं पात्र. पहिल्या अंकात पडक्या देवळाखालच्या तळघरात तो सापडतो, आणि तिथे गेला नाहीत तरी पुढे तुमच्या कॅम्पमध्ये येऊन उभा राहतो. १०० सोन्याच्या नाण्यांत तो तुमचं सगळं पात्र पहिल्या लेव्हलपासून नव्याने बांधू देतो, हवं तितक्या वेळा. त्यामुळे शेवटच्या, म्हणजे बाराव्या लेव्हलचं बिल्ड पहिल्याच दिवशी ठरवून त्यासाठी रखडत खेळायची गरज नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण बारावी लेव्हल बहुतेकांना तिसऱ्या अंकात मिळते. तुमचा बराचसा खेळ त्याआधीच होऊन जातो. नेटवर मांडलेलं बिल्ड बाराव्या लेव्हलला छान दिसतं, पण पाचव्या लेव्हलला ते लंगडत असेल तर तुमचे पहिले कित्येक तास वाया जातात.

ड्रुइडच्या लेव्हल्सचा हिशेब

दुसऱ्या लेव्हलला वाइल्ड शेप (प्राण्याचं रूप घेण्याची शक्ती) मिळतो आणि सर्कल निवडता येतं. मांजर, लांडगा, बिज्जू आणि कोळी ही रूपं सगळ्या ड्रुइडना मिळतात. मून घेतलं तर अस्वल मिळतं, आणि रूप घ्यायला अ‍ॅक्शनऐवजी बोनस अ‍ॅक्शन पुरते. म्हणजे टर्नमधल्या छोट्या जादा कृतीत अस्वल होऊन त्याच टर्नला हल्लाही करता येतो. मून निवडायचं हे सर्वांत मोठं कारण.

चौथ्या लेव्हलला पहिलं फीट. मूनवाल्यांना इथेच उडणारा मोठा कावळाही मिळतो. पाचव्या लेव्हलला वाइल्ड स्ट्राइक, म्हणजे रूपात असताना एका अ‍ॅक्शनमध्ये दोन हल्ले.

सहाव्या लेव्हलवर थोडं थांबूया. इथे आउलबेअर (घुबड-अस्वल) आणि पँथर येतात, आणि आउलबेअरची उंचावरून शत्रूवर पडणारी झेप या गेममधल्या सर्वांत आनंदाच्या गोष्टींपैकी एक आहे. पण त्याहून महत्त्वाचं आहे प्रायमल स्ट्राइक. मून ड्रुइडच्या पंजाचे आणि दातांचे वार इथून पुढे जादुई धरले जातात. साध्या, बिनजादूच्या वारांचं निम्मं डॅमेज पचवणारे शत्रू पुढे भेटत जातात. तलवारवाला जादुई तलवार विकत घेतो, पण अस्वलाला पंजे विकत मिळत नाहीत. त्यामुळे सहा ही किमान रेष धरा. त्याआधी दुसऱ्या क्लासकडे वळू नका, मग सल्ला कोणाचाही असो.

आठव्या लेव्हलला दुसरं फीट, डायलोफोसॉरस, आणि मूनसाठी सुळेवाला वाघ. दहाव्या लेव्हलला मूनसाठी चार मर्मिडॉन, म्हणजे पंचतत्त्वांतल्या पुतळ्यांची रूपं (आग, पाणी, पृथ्वी आणि वारा) आणि इम्प्रूव्ह्ड वाइल्ड स्ट्राइक, म्हणजे एका अ‍ॅक्शनमध्ये तीन हल्ले. अकराव्याला सहाव्या पातळीचे स्पेल, बाराव्याला तिसरं फीट.

आता यातून दोन गोष्टी दिसतात. एक, ड्रुइड १० हे ध्येय धरलं तर हातात फक्त दोन लेव्हल्स उरतात, आणि जोड त्या दोनांतच बसवायची आहे. दुसरी, फायटर किंवा रेंजरच्या पाच लेव्हल्स घेऊन एक्स्ट्रा अटॅक मिळवायचा विचार इथे सोडून द्या. ते काम ड्रुइडची पाचवी लेव्हल करतेच, आणि पाच लेव्हल्स बाहेर दिल्यात तर ड्रुइड सातवर अडकतो. वाघ गेला, मर्मिडॉन गेले, तिसरा हल्लाही गेला.

गुण कसे वाटायचे

रूप घेतलं की ताकद, चपळाई आणि काटकपणा (स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन) त्या प्राण्याचे येतात. बुद्धी, शहाणपण आणि करिष्मा (इंटेलिजन्स, विस्डम, करिस्मा) तुमचेच राहतात. म्हणून स्ट्रेंग्थवर एकही गुण खर्च करू नका. अस्वल स्वतःची ताकद घेऊन येतं.

माझी वाटणी अशी. स्ट्रेंग्थ ८, डेक्स्टेरिटी १४, कॉन्स्टिट्यूशन १४, इंटेलिजन्स ८, विस्डम १५, करिस्मा १२. हे बरोबर २७ गुणांत बसतं. मग अधिक दोन विस्डमला आणि अधिक एक कॉन्स्टिट्यूशनला, म्हणजे विस्डम १७ आणि कॉन्स्टिट्यूशन १५. डेक्स्टेरिटी १४ का? मध्यम वजनाच्या चिलखतावर तिचे जास्तीत जास्त दोनच गुण मिळतात, आणि ते १४ ला पूर्ण होतात. ड्रुइडला या गेममध्ये धातूचं चिलखत घालायला बंदी नाही, तेव्हा माणसाच्या रूपातही अंग झाकून राहा.

चौथ्या लेव्हलला टॅव्हर्न ब्रॉलर हे फीट घ्या आणि त्यातला अधिक एक कॉन्स्टिट्यूशनला द्या. पंधराचे सोळा होतात. हे फीट नि:शस्त्र हल्ल्याला स्ट्रेंग्थचा बोनस दुसऱ्यांदा जोडतं, नेमावरही आणि डॅमेजवरही. अस्वल किंवा आउलबेअरचा पंजा नि:शस्त्र हल्ला धरला जातो आणि स्ट्रेंग्थ त्या प्राण्याची वापरली जाते. तुमची स्वतःची ८ असली तरी काही बिघडत नाही. पहिल्या अंकात आँटी एथेल या चेटकिणीला हरवताना तिचे केस सौदा म्हणून मिळवलेत तर एक गुण वाढवता येतो. तो विस्डमला लावा, सतराचे अठरा.

दुसरं फीट आठव्या लेव्हलला. एकाग्रतेचे (लक्ष तुटलं की संपणारे) स्पेल धरून लढणार असाल तर वॉर कास्टर, नाहीतर सरळ विस्डम वाढवून २० करा.

रूपात काय सोबत येतं, काय नाही

मल्टिक्लास निवडण्याआधी हे पक्कं डोक्यात बसवा, कारण बरीच बिल्ड्स इथेच फसतात.

रूपात असताना नवा स्पेल टाकता येत नाही. पण आधी टाकलेल्या स्पेलची एकाग्रता तुटत नाही. म्हणजे स्पाइक ग्रोथचे काटे पसरा, मग अस्वल व्हा, आणि काटे जमिनीवर तसेच राहतात. शत्रू त्यांतून चालला की दर दीड मीटरला २ ते ८ डॅमेज खातो. अस्वलाची गोडिंग रोअर ही डरकाळी शत्रूंना तुमच्याकडे खेचते. काट्यांच्या पलीकडच्या कडेला उभं राहून ती मारा आणि काय होतं ते बघा. 

अंगावरच्या बहुतेक वस्तूंचे परिणाम रूपात मिळत नाहीत. अपवाद मोजके आहेत, आणि ते शोधण्यासारखे आहेत. शेपशिफ्टर हॅट वाइल्ड शेपचा एक जादा चार्ज (वापर) देते. आर्मर ऑफ मूनबास्किंग रूप घेताना तात्पुरते हिट पॉइंट देतं. शेपशिफ्टर्स बून रिंगमुळे रूप बदललेलं असताना तपासणीच्या फाशांवर चार बाजूंचा एक जादा फासा मिळतो.

रूपाचे हिट पॉइंट संपले की तुम्ही माणूस होता, स्वतःचे हिट पॉइंट घेऊन. वाइल्ड शेपचे दोन चार्ज असतात आणि शॉर्ट रेस्टला (छोट्या विश्रांतीला) परत येतात. दोन लाँग रेस्टच्या (कॅम्पमधल्या पूर्ण विश्रांतीच्या) मध्ये दोन शॉर्ट रेस्ट मिळतात, म्हणजे दिवसाला सहा रूपं. गटात बार्ड असेल तर साँग ऑफ रेस्टमुळे तिसरी शॉर्ट रेस्ट आणि आणखी दोन रूपं. ही संख्या लक्षात ठेवा, पुढे बार्बेरियनच्या वेळी ती कामी येणार आहे.

जोड पहिली : बार्बेरियन

रेज, म्हणजे बार्बेरियनचा संताप, चालू असताना कापणारं, टोचणारं आणि ठेचणारं डॅमेज निम्मं होतं. अस्वलाच्या जाड कातडीवर हे चढलं की समोरच्या फळीत तुमच्याएवढा टिकाऊ कोणी नाही. हे खरं आहे, आणि म्हणूनच हे बिल्ड इतकं लोकप्रिय आहे. पण त्याची किंमत काय, ते नीट पाहून घ्या.

रेजमध्ये स्पेल टाकता येत नाहीत आणि चालू असलेली एकाग्रता लगेच तुटते. वर सांगितलेले काटे, फेअरी फायर, सगळं विसरा. रेजचे पहिल्या लेव्हलला दिवसाला फक्त दोन चार्ज मिळतात, आणि ते लाँग रेस्टलाच भरतात. रूपं सहा, रेज दोन. त्यामुळे प्रत्येक किरकोळ गॉब्लिनसमोर रेज करणारा खेळाडू मोठ्या शत्रूसमोर रिकाम्या हाताने उभा राहतो. रेज राखून ठेवा, बाकीच्या लढाया साध्या मून ड्रुइडसारख्या एकाग्रतेचे स्पेल टाकून लढा.

क्रम असा ठेवायचा. रेज आधी, रूप नंतर. दोन्ही बोनस अ‍ॅक्शन मागतात, म्हणून दोन टर्न जातात. पहिल्या टर्नला रेज करा आणि त्याच टर्नला कोणाला तरी मारा, कारण हल्ला केला नाहीत आणि मारही खाल्ला नाहीत तर रेज विझतो. त्यासाठी हातात एखादं ठीकठाक शस्त्र हवंच. दुसऱ्या टर्नला बोनस अ‍ॅक्शनने आउलबेअर व्हा आणि उरलेल्या अ‍ॅक्शनने फोडा.

किती लेव्हल्स? मी एक सांगेन. पहिल्याच लेव्हलला रेज मिळून जातो. दुसरीला रेकलेस अटॅक आणि डेंजर सेन्स येतात, चांगले आहेत, पण त्यासाठी ड्रुइडची अकरावी लेव्हल जाते आणि तिच्यासोबत हीरोज फीस्ट जातं. सगळ्या गटाला जेवू घालून लढाईसाठी सज्ज करणारा तो स्पेल तिसऱ्या अंकात मला जास्त मोलाचा वाटतो. ड्रुइड ११, बार्बेरियन १. सहावी ड्रुइड लेव्हल झाली की सातव्याला बार्बेरियन घ्या. तो घेतल्यावर ड्रुइडच्या पुढच्या सगळ्या गोष्टी एका लेव्हलने उशिरा येतात, म्हणजे वाघ नवव्याला आणि मर्मिडॉन अकराव्याला. तेवढं चालून जातं.

वाइल्डहार्ट या बार्बेरियन सबक्लासच्या बेअर हार्टसाठी तीन लेव्हल्स द्याव्यात का, असंही विचारलं जातं. त्याने मानसिक सोडून सर्व प्रकारचं डॅमेज निम्मं होतं, आणि हे खूप मोठं आहे. पण तीन दिल्या की ड्रुइड नऊवर थांबतो, तिसरा हल्ला आणि मर्मिडॉन कायमचे जातात. मग अर्धवट नऊवर कशाला थांबायचं? ज्याला मर्मिडॉन नकोच आहेत, वाघ आणि आउलबेअरवरच जीव आहे, त्याने सरळ ड्रुइड ८, बार्बेरियन ४ करावं. फीट तीन मिळतात आणि बेअर हार्टही मिळतं.

जोड दुसरी : क्लेरिक

ही जोड कमी बोलली जाते आणि मला ती जास्त आवडते. क्लेरिक आणि ड्रुइड दोघांचाही मुख्य गुण विस्डम, आणि दोघेही पूर्ण स्पेल टाकणारे क्लास. त्यामुळे ड्रुइड ११, क्लेरिक १ असं पात्र स्पेल स्लॉटच्या (दिवसभरात किती स्पेल टाकता येतील त्या कोट्याच्या) बाबतीत बारा लेव्हलचंच धरलं जातं. एकही स्लॉट कमी होत नाही.

लाइफ डोमेन घेतलं की जड चिलखताची मुभा आणि बरं करणाऱ्या स्पेलला जादा गुण. पण खरा फायदा ब्लेस. लढाईच्या पहिल्या टर्नला तिघांवर ब्लेस टाका, त्याच टर्नला बोनस अ‍ॅक्शनने अस्वल व्हा. एकाच टर्नमध्ये गट सज्ज आणि तुम्ही समोर. हल्ल्यावर आणि सेव्हिंग थ्रोवर (वाईट परिणाम टाळण्यासाठी टाकायच्या फाशावर) चार बाजूंचा जादा फासा, आणि तो स्पेल धरून ठेवणारा एक जाडजूड प्राणी. बार्बेरियनसारखे दोन टर्न जात नाहीत. ब्लेस पहिल्या पातळीचा स्पेल असल्याने स्लॉटही स्वस्त पडतो, आणि वरचे स्लॉट ल्युनर मेंडसाठी उरतात. रूपात असताना बोनस अ‍ॅक्शनने स्लॉट जाळून, स्लॉटच्या प्रत्येक पातळीमागे आठ बाजूंचा एक फासा इतके हिट पॉइंट परत मिळवायची ती सोय.

एक अडचण मात्र आहे. शॅडोहार्ट ही क्लेरिक सोबती गटात असेल आणि ती ब्लेस टाकत असेल तर तुमच्या ब्लेसचा उपयोग नाही, दोन ब्लेस एकमेकांवर चढत नाहीत. तिला पाचव्या लेव्हलनंतर स्पिरिट गार्डियन्स धरायला सांगा आणि ब्लेस तुम्ही घ्या, असं वाटून घेतलं तर दोघांचाही उपयोग होतो. तसं जमणार नसेल तर ही जोड घेऊ नका.

टेम्पेस्ट डोमेनच्या दोन लेव्हल्स हा याच कुटुंबातला दुसरा प्रकार. ड्रुइडच्या पाचव्या लेव्हलला कॉल लाइटनिंग मिळतो, दहा बाजूंचे तीन फासे विजेचं डॅमेज. टेम्पेस्टच्या दुसऱ्या लेव्हलचा डिस्ट्रक्टिव्ह रॅथ त्या फाशांचं जास्तीत जास्त मूल्य पक्कं करतो, म्हणजे ३०. शत्रू आधी पाण्याने भिजवलेला असेल तर विजेचं डॅमेज दुप्पट, ६०. हे सगळं मात्र माणसाच्या रूपात करायचं, आणि डिस्ट्रक्टिव्ह रॅथ एका शॉर्ट रेस्टमागे एकदाच. वादळ ओतून झालं, शत्रू जवळ आले, की मग आउलबेअर. ज्याला दोन्ही रूपांत खेळायला आवडतं त्याच्यासाठी ड्रुइड १०, क्लेरिक २ सुंदर आहे.

बाकीच्या ड्रुइड सबक्लासबद्दल थोडक्यात

स्पोअर्स आणि २०२५ च्या आठव्या पॅचमध्ये आलेलं सर्कल ऑफ स्टार्स ही दोन सबक्लास वाइल्ड शेपचे चार्ज स्वतःच्या वेगळ्या शक्तींसाठी वापरतात. स्टार्सच्या ताऱ्यांच्या रूपात तर स्पेलही टाकता येतात. ती चांगलीच आहेत, पण प्राणी होऊन लढण्याच्या या बिल्डशी त्यांचा संबंध नाही. एका पात्राला दोन ड्रुइड सबक्लास घेता येत नाहीत.

बांधून झाल्यावर तपासणी

विदर्सकडे पात्र नव्याने बांधताना पहिला क्लास कोणता घेता ते लक्षपूर्वक ठरवा, कारण सेव्हिंग थ्रोची प्रवीणता फक्त पहिल्या क्लासची मिळते. ड्रुइड आधी घेतला तर इंटेलिजन्स आणि विस्डम, बार्बेरियन आधी घेतला तर स्ट्रेंग्थ आणि कॉन्स्टिट्यूशन. सातव्या लेव्हलला बार्बेरियन जोडणार असाल तर त्याच वेळी विदर्सला १०० नाणी देऊन क्रम उलटा करा, आधी बार्बेरियन १ आणि त्यावर ड्रुइड ६. रेज न वापरलेल्या लढायांत कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह एकाग्रता टिकवायला उपयोगी पडतो. क्लेरिकच्या बिल्डमध्ये ड्रुइड आधी ठेवला तरी चालतो.

मग लगेच मोठ्या शत्रूकडे जाऊ नका. आधी एक मधली लढाई निवडा आणि तीन गोष्टी बघा. पहिल्या दोन टर्नमध्ये बोनस अ‍ॅक्शन कशात गेली. रूप घेताना एकाग्रतेचं चिन्ह पात्राच्या चित्रावर शिल्लक आहे का. रूप मोडल्यावर माणूस म्हणून तुम्ही कुठे उभे आहात, शत्रूंच्या घोळक्यात की कडेला. तिसरी गोष्ट सर्वांत जास्त वेळा दुर्लक्षित होते, आणि तिच्यामुळेच मून ड्रुइड मरतो. अस्वल मधोमध शिरतं, पडतं, आणि मागे उरतो तो कमी हिट पॉइंटचा माणूस चौघांच्या मध्ये. म्हणून दुसरा चार्ज शिल्लक असताना रूप मोडू द्या, आणि शेवटच्या चार्जवर कडेनेच लढा.

ऑनर मोड या सर्वांत कठीण पातळीवर एकच सेव्ह असतो, तेव्हा ही तालीम आधी बॅलन्स्ड पातळीवर वेगळ्या पात्रासोबत करून घ्या. हॅल्सिन आणि जहेरा हे सोबतीही ड्रुइडच आहेत, विदर्सकडून त्यांना मून करून हेच बिल्ड त्यांच्यावर चढवता येतं. मुख्य पात्र तुम्हाला बोलघेवडा बार्ड हवा असेल तर हॅल्सिनला अस्वल करा आणि बार्डच्या तिसऱ्या शॉर्ट रेस्टचा फायदा त्याला घेऊ द्या.